स्टिअरिंग डावीकडे, दोष मागच्या चाकात

चिपळूणच्या एका शिक्षकांची हॅचबॅक कराडला आमच्या अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) पिटावर आली, ती दोन गॅरेजं फिरून. तक्रार साधी होती. सरळ रस्त्यावर गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग डावीकडे कललेलं राहतं. एकदा सोडून दोन ठिकाणी पैसे भरून अलाइनमेंट झालेलं, पुढचे दोन्ही टायर बाहेरच्या कडेने खाल्लेले. शेवटच्या ठिकाणी सल्ला मिळाला होता की स्टिअरिंग व्हील काढून दांड्यावर एखादा दाता फिरवून परत बसवू, दहा मिनिटांचं काम आहे. सरांना ते पटलं नाही, म्हणून घाट चढून आले.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण या तक्रारीत हात नेमका चुकीच्या टोकाला आधी जातो. स्टिअरिंग डोळ्यांसमोर असतं, म्हणून दोषही तिथेच शोधला जातो. या गाडीत पुढच्या बाजूला दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.

आधी गाडीचा इतिहास. पावसाळ्यात कोयनानगरकडून कुंभार्ली घाट उतरताना समोरून ट्रक आला, सरांनी गाडी डावीकडे दाबली. पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. पुढचं चाक खड्ड्याच्या काठावरून निघालं, मागचं डावं चाक मात्र थेट आत आदळलं. रिमची कड वाकली, टायरला फुगा आला. खाली उतरल्यावर टायरवाल्याने रिम ठोकून सरळ केली, तिच्यावर स्टेपनीचा टायर चढवला आणि गाडी घरी गेली. स्टिअरिंग डावीकडे कललंय हे त्यांच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

पहिल्या गॅरेजने फक्त पुढच्या चाकांचं अलाइनमेंट केलं. मशीनवर सगळं हिरवं, म्हणजे मर्यादेत, स्टिअरिंग मधोमध. रस्त्यावर आल्यावर पुन्हा डावीकडे. सर परत गेले, तेव्हा तिथल्या माणसाने मशीन न लावता एकट्या उजव्या बाजूचा टाय रॉड (चाकाला स्टिअरिंगच्या यंत्रणेशी जोडणारा दांडा) फिरवून स्टिअरिंग सरळ करून दिलं. महिन्याभरात पुढचे टायर बाहेरच्या कडेने घासायला लागले. दुसऱ्या गॅरेजने, पुन्हा फक्त पुढचीच चाकं धरून, टो (चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय तो कोन) दोन्ही बाजूंनी नीट जुळवला. टायरांचं खाणं थांबलं आणि स्टिअरिंग होतं तिथे, डावीकडे गेलं. दाता फिरवायचा सल्ला तिथला.

या क्रमातच निम्मं निदान आहे. टो बरोबर केला की स्टिअरिंग वाकडं होतं, स्टिअरिंग सरळ केलं की टो बिघडतो. दोन्ही एकाच वेळी जुळत नसतील, तर बिघाड पुढच्या दोन चाकांच्या पलीकडे असण्याची शक्यता मोठी.

पहिलं काम म्हणजे गाडी चालवून बघणं. स्टिअरिंग कललेलं असणं आणि गाडी एका बाजूला ओढणं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, पण ग्राहक दोन्हींना 'गाडी डावीकडे जाते' असंच म्हणतो. गाडी ओढत असेल तर स्टिअरिंग सैल सोडल्यावर ती बाजू धरते. मग टायरची हवा, टायरचा स्वतःचा दोष, चिकटलेला ब्रेक, दोन बाजूंच्या कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा पुढे-मागे कल) आणि कॅम्बर (उभ्या चाकाचा आत-बाहेर कल) यांमधला फरक, हे सगळं तपासावं लागतं. कललेल्या स्टिअरिंगची गाडी मात्र सैल सोडल्यावरही सरळच जाते, फक्त स्टिअरिंग तिरकं ठेवून. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे डाव्या बाजूने चालणारी कुठलीही गाडी किंचित डावीकडे सरकते. म्हणून सपाट जागा शोधून तोच पट्टा जाता-येता दोन्ही दिशांनी चालवायचा. ही गाडी दोन्ही दिशांनी सरळ गेली आणि स्टिअरिंग दोन्ही वेळा डावीकडेच राहिलं. मोबाइलवरच्या अँगल मापकाने कल भरला ९ अंश. स्टिअरिंगचं डावं टोक जिथे असायला हवं त्याच्या जवळजवळ ३ सेंटीमीटर खाली.

पिटावर घेतल्यावर मशीन लावायच्या आधीची तपासणी आम्ही कधी टाळत नाही. चारही टायरची हवा, चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडमधला खेळ, लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे), लिंक रॉड, शॉकअप. झिजलेल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट पहिल्या स्पीडब्रेकरवर हलतं. इथे सगळं घट्ट होतं.

मग रॅक (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारी दातेरी पट्टी) मधोमध आहे का ते पाहिलं. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे अडेपर्यंत न्यायचं, तिथून पूर्ण उजवीकडे नेताना फेरे मोजायचे आणि बरोबर निम्मे परत यायचे. तिथे रॅक मध्यावर असतो. या गाडीत तिथे आलो, तेव्हा स्टिअरिंग व्हील अगदी सरळ होतं. खाली जाऊन दोन्ही टाय रॉडच्या चेकनटाबाहेर दिसणारे आटे मोजले, तेही जवळजवळ सारखे. म्हणजे स्टिअरिंग त्याच्या दांड्यावर योग्य जागी बसलेलं होतं, रॅक योग्य जागी होता, टाय रॉड दोन्हीकडे सारखे होते. दाता फिरवला असता तर गाडीतली एकमेव धड गोष्ट बिघडली असती.

दाता फिरवण्याबद्दल इथेच लिहितो, कारण हा सल्ला फार सर्रास दिला जातो. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते. तिच्यामागे तारेची गुंडाळी असलेला क्लॉक स्प्रिंग असतो आणि त्याला दोन्हीकडे फिरायला मोजकीच जागा असते. तो मध्यापासून हलवून बसवला तर एखाद्या दिवशी पूर्ण वळणावर तुटतो, मग हॉर्न बंद आणि एअरबॅगचा दिवा चालू. ज्या गाड्यांत ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आहे तिथे स्टिअरिंग किती वळलंय हे सांगणारा सेन्सर असतो, त्याचा शून्य बिंदू आणि डोळ्यांना दिसणारं सरळ यांची फारकत होते. बऱ्याच नव्या गाड्यांत तर दांड्यावर एक रुंद दाताच असा ठेवलेला असतो की स्टिअरिंग दुसऱ्या जागी बसूच नये. मागच्या कुणीतरी स्टिअरिंग काढून चुकीचं बसवल्याचं सिद्ध झालं असेल तरच ते काढण्यात अर्थ आहे, आणि तेव्हाही बॅटरी सोडून, एअरबॅगची पद्धत पाळूनच.

आता मशीन. चारही चाकांना क्लॅम्प आणि टार्गेट लावली, गाडी मागे-पुढे ढकलून रिमचा वाकडेपणा मापातून काढून टाकला. ठोकलेल्या रिमच्या गाडीत ही पायरी गाळली तर पुढचे सगळे आकडे खोटे निघतात. स्टिअरिंग मध्यावर आणून होल्डर लावला आणि वाचन घेतलं.

पुढचं डावं चाक: टो अधिक ३६ मिनिटं. पुढचं उजवं: उणे ३०. (अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट, अधिक म्हणजे चाकाचं तोंड आत, उणे म्हणजे बाहेर.) दोन्ही आकडे लाल. पण त्यांची बेरीज केली तर फक्त अधिक ६, आणि ती मर्यादेत. अलाइनमेंट करणाऱ्याने इथे थांबून विचार करायला हवा. बेरीज बिघडली असेल तर टायर खाल्ले जातात. बेरीज नीट आणि दोन आकडे मात्र जवळजवळ समान आणि उलटे असतील, तर टायर शाबूत राहतात आणि स्टिअरिंग कलतं. दोन्ही चाकं एकमेकांना समांतर आहेत, फक्त दोन्ही मिळून एका बाजूला वळलेली आहेत.

एका बाजूला, पण कशाच्या तुलनेत? चार चाकांचं मशीन पुढच्या चाकांचा टो गाडीच्या मध्यरेषेवरून मोजत नाही. मागची दोन चाकं मिळून गाडीला ज्या दिशेने ढकलतात, त्या रेषेवरून मोजतं. तिला थ्रस्ट लाइन म्हणतात, आणि ती मध्यरेषेपासून जितकी ढळली तो थ्रस्ट अँगल. आमच्या मशीनने तो दाखवला डावीकडे ३४ मिनिटं. मागच्या चाकांचे आकडे: उजव्याचा टो अधिक १२, नेहमीसारखा. डाव्याचा उणे ५५, म्हणजे चाकाचं तोंड जवळजवळ एक अंश बाहेर. मागच्या डाव्याचा कॅम्बरही उणे १ अंश ५० मिनिटं, उजवीकडे तोच उणे १ अंश ५.

हा हिशेब मी सरांना कागदावर करून दाखवला. डावं चाक ५५ मिनिटं डावीकडे बघतंय, उजवं १२ मिनिटं डावीकडे बघतंय, सरासरी साधारण ३४. गाडीचं मागचं टोक सतत डावीकडे जायला बघतं, त्यामुळे तोंड उजवीकडे वळू लागतं, आणि सरळ जायचं तर ड्रायव्हरला तेवढंच डावीकडे धरावं लागतं. पुढची चाकं ३४ मिनिटं वळवायला स्टिअरिंग किती फिरवावं लागेल? आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत स्टिअरिंगचा रेशो साधारण १६ ला १ धरला, तर ३४ गुणिले १६ म्हणजे ५४४ मिनिटं, ९ अंश. रस्त्यावर मोबाइलने मोजला होता तेवढाच कल. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की दुसरं कारण शोधत बसायची गरज उरत नाही.

"पण आदळलं मागचं चाक, आणि स्टिअरिंग तर पुढच्या चाकांना जोडलेलं असतं ना?" सरांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पुढची चाकं दिशा देतात हे खरं, पण 'सरळ' कशाला म्हणायचं हे मागची चाकं ठरवतात.

पटावं म्हणून पिटाबाहेरच्या काँक्रीटवर पाणी ओतलं, गाडी त्यातून सरळ कोरड्या भागात नेली आणि ओल्या ठशांकडे बघायला सांगितलं. नीट गाडीत मागच्या टायरचे ठसे पुढच्यांच्या मानाने दोन्ही बाजूंना सारखे बसतात. इथे डाव्या बाजूला मागचा ठसा पुढच्याच्या बाहेर आला होता, आणि उजव्या बाजूला तेवढाच आत गेला होता. खेकड्यासारखी तिरकी चाल. व्हीलबेस (पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर) २४५० मिलीमीटर धरला तर ३४ मिनिटांना मागचं टोक साधारण २४ मिलीमीटर बाजूला चालतं. टेप लावली, तर माप त्याच्याच आसपास भरलं. ज्यांच्या गावात चार चाकांचं मशीन नाही त्यांनी हा प्रयोग जरूर करावा. मात्र पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं आडवं अंतर मुळातच थोडं वेगळं असू शकतं, म्हणून एकाच बाजूचा ठसा बघून निष्कर्ष काढू नये.

पहिल्या गॅरेजमध्ये काय झालं होतं तेही आता उलगडलं. एकट्या उजव्या टाय रॉडने ९ अंशांचा कल काढायचा तर त्या चाकाला एक अंशाहून जास्त टो-इन द्यावा लागतो. चालत्या गाडीत पुढची दोन्ही चाकं तो निम्मा-निम्मा वाटून घेतात, प्रत्येकी ३४ मिनिटं. ऐकायला थोडं वाटतं, पण तेवढ्या कोनात प्रत्येक टायर किलोमीटरमागे जवळजवळ १० मीटर आडवा घासत जातो. चिपळूण ते कराड एका फेरीत किती रबर गेलं असेल, आणि तेही घाटात, ज्याचं त्याने बघावं. स्टिअरिंग मधोमध आणायचं असेल तर एक टाय रॉड जेवढा लांबवला तेवढाच दुसरा आखडायचा, हा या कामातला पाया आहे. बेरीज बदलत नाही, फक्त मध्य सरकतो.

नीट चाललेल्या बहुतेक गाड्यांत तेवढंच पुरतं. इथेही करता आलं असतं. या गाडीत रॅक चाकाच्या मध्याच्या मागे आहे, म्हणून उजवा टाय रॉड लांबवायचा, डावा आखडायचा, प्रत्येकी फेऱ्यापेक्षा थोडं कमी. पुढचे दोन्ही आकडे हिरवे झाले असते, स्टिअरिंग सरळ, ग्राहक खूश. थ्रस्ट अँगल चार-पाच मिनिटांचा असता तर मी तेच केलं असतं, कारण तेवढा फरक नव्या गाडीतही सापडतो. ३४ मिनिटांना ते करणं मला मान्य नाही. गाडी तिरकीच चालत राहते. मागची दोन्ही चाकं एकमेकांपासून फाकलेली राहतात आणि दोन्ही टायर आतल्या कडेने झिजतात, डावा जास्त, कारण त्याचा कॅम्बरही बिघडलेला. ती कड गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही. सरांना मी डाव्या टायरच्या आतल्या बाजूला हात फिरवायला लावला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने प्रत्येक पट्टीची कड बोचत होती. बाहेरून तोच टायर नवाच्या नवा दिसत होता. पावसात घाट उतरताना ब्रेक लागला की भार पुढे जातो, मागची पकड आधीच कमी होते. तेव्हा आतून खाल्लेले आणि तिरके मागचे टायर ही जोखीम आहे, आणि ती कुटुंब घेऊन जाणाऱ्या गाडीला तर नकोच.

मागचा टो बहुतेक हॅचबॅक गाड्यांत ॲडजस्ट होत नाही. मागे टॉर्शन बीम असतो, एक आडवा पोलादी तुकडा, त्याच्या दोन टोकांना चाकं. फिरवायला नट नाही, म्हणून अनेक ठिकाणी मागे मशीनच लावत नाहीत. 'मागचं काही करता येत नाही' हे अर्धंच खरं आहे. फिरवता येत नाही म्हणूनच तिथला आकडा बिघडलेला दिसला तर एखादी वस्तू वाकलेली किंवा सरकलेली आहे, हे पक्कं होतं. फक्त कोणती ते शोधायचं.

शोधायच्या जागा तीन: बॉडीला बीम जिथे बसतो ते बुश, खुद्द बीम, आणि चाक ज्याच्यावर फिरतं तो स्टब ॲक्सल. बुश दोन्हीकडे एकसारखे, फाटलेले नाहीत, आणि बोल्टच्या भोवती घसरल्याच्या खुणा नाहीत. शिवाय बीम बुशवर सरकला असता तर दोन्ही चाकांचे आकडे एकाच वेळी हलले असते, आणि उजवं चाक तर जिथल्या तिथे होतं. म्हणजे डाव्या टोकालाच काहीतरी. काही गाड्यांत स्टब ॲक्सल बीमला वेल्ड केलेला असतो, मग अख्खा बीम बदलावा लागतो. या गाडीत तो चार बोल्टवर होता. ड्रम उतरवला, स्टब ॲक्सल सोडवला, बीमच्या तोंडावर सरळपट्टी आडवी-उभी धरली. पत्रा सपाट होता. मग सुटलेल्या स्टब ॲक्सलच्या बसणाऱ्या तोंडावर गुण्या लावला, तेव्हा दांडा मागच्या बाजूला झुकलेला डोळ्यांनी दिसला. खड्ड्याने चाकाला मागे ढकललं आणि दांडा तसाच वाकला. टो बाहेर गेला त्याचं कारण हेच.

वाकलेला दांडा तापवून सरळ करून देणारे लोक मिळतात. सरांनीही विचारलं, कारण नवा पार्ट मागवायचा म्हणजे गाडी अडकून पडणार. मी नाही म्हटलं आणि पुन्हाही नाहीच म्हणेन. हा भाग कारखान्यात विशिष्ट उष्णता देऊन कणखर केलेला असतो, गॅसची ज्योत लागली की तो गुण जातो, आणि चाक त्याच एका दांड्यावर लटकलेलं असतं. नवा स्टब ॲक्सल, त्याच्याबरोबर आदळलेल्या बेअरिंगच्या जागी नवं बेअरिंग आणि नवा हब नट मागवला. तो नट एकदाच वापरायचा असतो, आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच आवळायचा. सगळं धरूनही अख्ख्या बीमपेक्षा खर्च बराच कमी आला. ठोकलेली रिमही बदलायला लावली.

बसवून झाल्यावर गाडी पुन्हा मशीनवर. मागचं डावं आता अधिक ८ मिनिटं, कॅम्बर उणे १ अंश १०. उजवं जिथल्या तिथे, अधिक १२. थ्रस्ट अँगल डावीकडे २ मिनिटं, म्हणजे नसल्यासारखाच. पुढच्या टाय रॉडना अजून पान्हाही लागला नव्हता. स्टिअरिंग मध्यावर धरून पुढचं वाचन घेतलं, तर डावं अधिक ४, उजवं अधिक २. दोन्ही हिरवे. बेरीज आधी ६ होती, आताही ६. मापायची रेषाच सरळ झाली, म्हणून लाल दिसणारे आकडे आपोआप जागेवर आले. माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना मी हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला दिले.

स्कॅनर लावून स्टिअरिंगच्या सेन्सरचा शून्य तपासला, नोंदवला आणि गाडी त्याच सपाट पट्ट्यावर नेली. स्टिअरिंग दोन्ही दिशांनी सरळ राहिलं.

टायरांचं काम उरलं होतं. पुढचे बाहेरून खाल्लेले, मागचा डावा आतून जवळजवळ तारेपर्यंत. दोन नवे घेतले आणि ते मागे लावले. सरांना वाटत होतं नवे टायर पुढे हवेत, कारण इंजिन पुढे, ओढणारी चाकं पुढे. पण ओल्या रस्त्यावर पुढचं घसरलं तर गाडी वळायला कुरकुरते एवढंच, मागचं घसरलं तर गाडी गर्रकन फिरते. जुन्यातले बरे दोन पुढे गेले. त्यांच्यावर आधीच्या झिजेचे कंगोरे असल्यामुळे काही दिवस गुणगुण आवाज येईल आणि कदाचित किंचित एका बाजूला ओढल्यासारखं वाटेल, तेवढ्यावरून पुन्हा टाय रॉड फिरवून घेऊ नका, असं बजावून सांगितलं. दोन्ही वेळची वाचनं असलेला कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवायला दिला. पुढे कुठेही अलाइनमेंट केलं तरी आधी मागच्या चाकांना क्लॅम्प लावायला सांगा आणि आधीचे-नंतरचे सगळे आकडे छापून घ्या, असंही सांगितलं.

पुढच्या सर्व्हिसच्या वेळी सर मुद्दाम पिटावरून गेले. मागचा टो दोन्हीकडे तसाच होता आणि नव्या टायरांची झीज आत-बाहेर सारखी. जुन्या पुढच्या टायरचा आवाज अजून थोडा येत होता.